एका तासाच्या अंधाराचा हिशेब

मार्च महिन्याच्या अखेरीस एका शनिवारी रात्री साडेआठ वाजता आमच्या सोसायटीतले दिवे मालवले जातात. गेली काही वर्षे हा नेम चुकलेला नाही. साठ घरांपैकी बहुतेक घरे त्यात मनापासून भाग घेतात, मुले मेणबत्त्या घेऊन गच्चीवर जमतात, कोणीतरी वसुंधरेविषयी चार शब्द बोलते आणि साडेनऊ वाजता टाळ्यांच्या गजरात दिवे पुन्हा लागतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री गच्चीवरच्या त्या शांततेत पाणी पडत असल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. वरची टाकी भरून वाहत होती, कारण पंप बंद करायचे वॉचमनच्या लक्षात राहिले नव्हते, आणि असे वरचेवर होत असल्यामुळे त्या आवाजाकडे कोणी वळूनही पाहिले नाही. मी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण चार युनिट वीज घेतो. तो रोज अर्धा तास जास्त चालत असेल, तर दिवसाला दोन युनिट वाया जातात. दर घरामागे शंभर वॅटचे दिवे तासभर बंद राहिले असे धरले, तर साठ घरांची बचत सहा युनिट होते. वर्षातून एकदा सोहळा करून जे कमावले, ते टाकीने तीन दिवसांत सांडून टाकले होते.

ज्या उपक्रमात आम्ही भाग घेत होतो त्याचे नाव ‘अर्थ अवर’. देवनागरीत लिहिले की या नावात ‘अर्थ’ आपोआप येतो. तो उपक्रमात कितपत आहे, हे पाहण्यासाठी विजेचा व्यवहार प्रत्यक्षात कसा चालतो ते आधी समजून घ्यावे लागते. या मोहिमेचे कौतुक करणारे आणि तिची टिंगल करणारे, असे दोघेही बहुधा तेवढाच भाग गाळून पुढे जातात.

पहिली गोष्ट मोजमापाची. वॅट किंवा मेगावॅट हे वीज कोणत्या वेगाने खर्च होत आहे याचे माप आहे, तर युनिट हे एकूण किती खर्च झाली याचे. गाडीच्या काट्यावरचा ताशी वेग आणि कापलेले अंतर यांच्यात जो फरक आहे, तोच येथेही आहे. ‘अमुक इतक्या मेगावॅटने मागणी घटली’ ही बातमी ऐकायला मोठी वाटते, परंतु ती घट किती वेळ टिकली हे सांगितल्याशिवाय त्या आकड्यातून बचतीविषयी काहीच कळत नाही. वर्षात ८,७६० तास असतात. त्यांतल्या एका तासात, तेही घरातल्या सर्वांत कमी वीज खाणाऱ्या वस्तू बंद करून, जे साधेल ते किती असणार याचा अंदाज एवढ्यावरूनच येऊ लागतो. पिवळ्या बल्बच्या काळात दिवे बंद करण्याला जास्त वजन होते. साठ वॅटच्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा एलईडी आल्यापासून दिवा हा घरातला सर्वांत निरुपद्रवी प्राणी झाला आहे. फ्रिज, गीझर, वातानुकूलन यंत्र आणि पंखे हे खरे खाणारे आहेत. अर्थ अवरच्या रात्री मात्र त्यांना सहसा कोणी हात लावत नाही.

शंभर वॅट तासभर वाचवले, तर एक दशांश युनिट वाचते. भारतात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे त्या घराची त्या तासाची कमाई ७० ग्रॅम झाली. एका लिटर पेट्रोलमधून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे स्कूटरने दीड किलोमीटरवरच्या दुकानात एक खेप केली की हे ७० ग्रॅम संपतात. मेणबत्त्यांचे गणित तर आणखी अडचणीचे आहे. बाजारात मिळणारी साधी मेणबत्ती पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या मेणाची असते. ती तासाला पाच ते सात ग्रॅम मेण जाळते आणि त्यातून पंधरा ते वीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. नऊ वॅटचा एलईडी तासभर लावला तर वीजनिर्मितीच्या ठिकाणी सहा-सात ग्रॅमच निघतो, आणि त्याचा उजेड मेणबत्तीच्या कित्येक पट असतो. घरात चार मेणबत्त्या लावल्या की त्या घराची सगळी बचत धुराबरोबर निघून गेली, असे समजायला हरकत नाही.

याउलट एका छताच्या पंख्याचे उदाहरण घ्या. जुना पंखा ७५ वॅट घेतो, हल्ली मिळणारा बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट घेतो. दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर एका वर्षात १३५ युनिटे वाचतात. एक दशांश युनिटाच्या हिशेबाने ही बचत १,३५० अर्थ अवरांइतकी आहे. बदामीच्या चालुक्यांच्या राज्यापासून आजवर एका घराने दरवर्षी न चुकता तासभर दिवे मालवले असते, तर जेवढी वीज वाचली असती, तेवढी एका पंख्याने एका वर्षात वाचवली.

या मोहिमेची सुरुवात ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात ३१ मार्च २००७ रोजी झाली. वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेने पुढाकार घेतला होता. त्या संध्याकाळी शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात विजेचा वापर नेहमीपेक्षा १०.२ टक्क्यांनी घटल्याचे जाहीर झाले, आणि या आकड्याने मोहिमेला जगभर नेले. आकडा त्या भागापुरता आणि त्या तासापुरता होता, ही बाब मात्र प्रवासात मागे राहिली. पुढे दहा देशांतल्या सहा वर्षांतल्या २७४ नोंदी गोळा करून अभ्यासकांनी २०१४ मध्ये सरासरी काढली, तेव्हा ती सुमारे ४ टक्के घट अशी आली. काही ठिकाणी घट २८ टक्क्यांपर्यंत होती, तर काही ठिकाणी वापर उलट २ टक्क्यांनी वाढलेला होता.

हे ४ टक्के भारताला लावून पाहू. मार्चमधल्या रात्री साडेआठ वाजता देशाची मागणी १,८०,००० मेगावॅट धरली आणि पूर्ण तासभर तिच्यात ४ टक्के घट झाली असे मानले, तर वाचणारी वीज ७२ लाख युनिटे होते. आकडा लहान नाही. पण भारतात वर्षाला सुमारे १,७०,००० कोटी युनिट वीज तयार होते, आणि त्या गतीने ७२ लाख युनिटे संपायला देशाला सव्वादोन मिनिटे लागतात. म्हणजे साडेनऊला दिवे लावून, मुलांना गच्चीवरून खाली आणून, मेणबत्त्यांचे मेण खरवडून होण्याच्या आतच देशाने तो सगळा साठा वापरून टाकलेला असतो. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण अशा वेळी हमखास सांगितली जाते. म्हण खरी आहे, परंतु तिच्यात थेंब रोज पडतो असे गृहीत धरलेले आहे. वर्षातून एकदा पडणाऱ्या थेंबाने तळे साचत नाही, कारण तो दुसऱ्या थेंबाची वाट पाहता पाहता वाळून जातो.

आता थोडे ग्रिडविषयी, म्हणजे वीज केंद्रे आणि ग्राहक यांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याविषयी. आपल्या घरात येणारी वीज कोठे साठवून ठेवलेली नसते. बॅटऱ्या आणि पाणी पुन्हा वर चढवणारे काही जलविद्युत प्रकल्प सोडले, तर ज्या क्षणी वीज लागते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. निर्मिती आणि मागणी यांचा तोल साधला आहे की नाही हे वारंवारितेवरून कळते. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ असते, आणि औष्णिक केंद्रातली मोठी टर्बाइन त्यासाठी मिनिटाला बरोबर ३,००० फेरे घेत असतात. मागणी अचानक घटली की टर्बाइनवरचा भार हलका होतो, ती जरा जोरात फिरू लागतात आणि वारंवारिता वर जाते. मागणी अचानक वाढली की उलटे होते. बैलगाडी चढणीवरून एकदम उतारावर आली की बैल आपोआप धावू लागतात, तसेच हे. ग्रिड चालवणाऱ्यांनी वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात ठेवायची असते. ती फार घसरली किंवा फार चढली, तर यंत्रे स्वतःच्या बचावासाठी एकामागून एक ग्रिडपासून तुटतात. तोल एकदा हाताबाहेर गेला की काय होते ते जुलै २०१२ मध्ये दिसले, तेव्हा लागोपाठ दोन दिवस उत्तर भारत अंधारात गेला होता आणि दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशाला त्याची झळ बसली होती.

सर्वांनी एकाच क्षणी दिवे मालवण्याची सर्वांत मोठी चाचणी जगात कोठे झाली असेल तर ती भारतातच, आणि तिचा पर्यावरणाशी काही संबंध नव्हता. कोरोनाच्या टाळेबंदीत ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे बंद करून पणत्या लावाव्यात, असे पंतप्रधानांनी आवाहन केले होते. कारखाने आधीच बंद असल्यामुळे मागणी कमी होती आणि तिच्यात घरांचा वाटा मोठा होता. महाराष्ट्राचे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी एकाच वेळी दिवे बंद केल्यास ग्रिड कोसळण्याचा धोका असल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि त्यावरून बरेच राजकारणही झाले. केंद्र सरकारने मग फक्त दिवे बंद करायचे आहेत, पंखे, फ्रिज आणि रस्त्यावरचे दिवे चालूच ठेवायचे आहेत, असा खुलासा केला. ग्रिड चालवणाऱ्या कंपनीने बारा ते चौदा हजार मेगावॅटची घट धरून तयारी केली होती. प्रत्यक्षात घट ३१,०८९ मेगावॅटची झाली, म्हणजे अंदाजाच्या दुपटीहून अधिक.

तरीही दिवे गेले नाहीत, आणि ते का गेले नाहीत हे समजून घेण्यासारखे आहे. कोळशावर चालणारे केंद्र हे जड धूड असते. बॉयलर तापलेला असतो, त्याची निर्मिती एका मर्यादेपर्यंत आणि सावकाशच खाली आणता येते, आणि तासाभरासाठी ते विझवून पुन्हा पेटवणे तर परवडतच नाही. पाण्यावर चालणारे यंत्र मात्र झडपा फिरवल्या की काही मिनिटांत कमी-जास्त होते. म्हणून नऊ वाजण्याच्या आधीच कोळशाची केंद्रे खाली आणून जलविद्युत निर्मिती मुद्दाम वाढवून ठेवली गेली, जेणेकरून नऊ वाजता खाली आणण्यासाठी हाताशी काहीतरी असेल. पावणेनऊ वाजता २५,५५९ मेगावॅट असलेली जलविद्युत निर्मिती नऊ वाजून दहा मिनिटांनी ८,०१६ मेगावॅटवर आणली गेली आणि काही मिनिटांतच पुन्हा वर नेली गेली. वारंवारिता त्या काळात ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झ यांच्यामध्ये हेलकावत राहिली. ही भारताच्या ग्रिड चालवणाऱ्या अभियंत्यांची मोठी कामगिरी होती, आणि ती त्या रात्रीच्या पणत्यांच्या छायाचित्रांत कोठे दिसत नाही.

या घटनेतून अर्थ अवरविषयी दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की मागणी एकाएकी खाली आणणे आणि एकाएकी वर नेणे ही ग्रिडच्या दृष्टीने मदत नसून जोखीम आहे; ती निभावण्यासाठी यंत्रे सज्ज ठेवावी लागतात आणि त्यांनाही इंधन लागते. ४ टक्क्यांची घट आधुनिक ग्रिड सहज पचवते, त्यामुळे अर्थ अवरने अंधार पसरेल अशी भीती घालणारेही अतिशयोक्तीच करतात. दुसरी गोष्ट टीकाकारांच्या आवडत्या वाक्याविषयी आहे. ‘वीज केंद्रे तर चालूच असतात, त्यामुळे दिवे बंद केल्याने एक किलोही कोळसा वाचत नाही’, असे ते म्हणतात. हे चुकीचे आहे. मागणी घटली की टर्बाइनकडे जाणारी वाफ कमी केली जाते आणि पाठोपाठ कोळसाही कमी जातो. अर्धवट भारावर केंद्राची कार्यक्षमता काही टक्क्यांनी उतरते, त्यामुळे बचत कागदावरच्या गणितापेक्षा थोडी कमी होते, इतकेच.

पाण्याच्या बाबतीत तर बचत वाया जातच नाही. कोयनेचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. १,९६० मेगावॅट क्षमतेच्या या प्रकल्पाला कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले आहे, आणि महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीला १ जून ते ३१ मे हा हिशेब सांभाळून ते पुरवावे लागते. आज रात्री न सोडलेले पाणी धरणातच राहते, उद्या किंवा परवा संध्याकाळी सोडले जाते आणि त्या वेळी तेवढा कोळसा वाचवते. म्हणून अर्थ अवरवर आक्षेप घ्यायचा असेल, तर बचत शून्य असते असा घेता येणार नाही. ती असते, पण सव्वादोन मिनिटांएवढी असते.

आयोजकांना हे ठाऊक आहे. वीज वाचवणे हा आमचा हेतूच नाही, लोकांचे लक्ष वेधणे हा आहे, असे ते स्पष्टपणे सांगतात. तेव्हा प्रश्न विजेवरून माणसाच्या मनाकडे वळतो, आणि तेथे पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. लहानशा विनंतीला होकार दिलेला माणूस पुढे मोठ्या विनंतीलाही होकार देण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९६६ सालीच प्रयोगाने दाखवले होते. दिवे मालवणारे मूल पुढे ऊर्जेचा विचार करणारा नागरिक होईल, ही आशा त्यावरच उभी आहे. परंतु माणसाच्या मनात एक खतावणीही असते. एक पुण्य जमा झाले की थोडे पाप करायला मोकळीक मिळाली असे त्याला वाटू लागते. एकादशीच्या उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीवर शेंगदाण्याचे कूट, बटाट्याची भाजी आणि वर श्रीखंड खाणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत एका निवासी संकुलात पाणी वाचवण्याची मोहीम राबवली गेली, तेव्हा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मोहिमेत असलेल्या घरांचा पाण्याचा वापर ६ टक्क्यांनी घटला आणि विजेचा वापर मात्र मोहिमेत नसलेल्या घरांच्या तुलनेत ५.६ टक्क्यांनी वाढला. आणखी एका संशोधनात असे आढळले, की चारचौघांच्या देखत प्रतीकात्मक पाठिंबा देणाऱ्यांनी नंतर प्रत्यक्ष मदत करण्यात हात आखडता घेतला, तर तोच पाठिंबा खाजगीत देणारे मदतीला अधिक तयार झाले. लोकांनी पाहिले की काम झाल्यासारखे वाटते. मेणबत्तीसह काढलेली सेल्फी या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

मग प्रतीके निरुपयोगी असतात असे म्हणायचे का? हा निष्कर्ष घाईचा ठरेल, आणि आपल्या इतिहासाला तो मानवणार नाही. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला उचललेल्या मिठाने कोणाच्याही घरचे वरण खारट झाले नसेल. त्याच वर्षी मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी मीठ उचलले, मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर लोक लाठ्या खात धावून गेले, त्या सगळ्याचे वजन केले तरी सरकारच्या मिठाच्या उत्पन्नापुढे ते नगण्य होते. तरीही ते प्रतीक पोकळ नव्हते. त्यात मागणी स्पष्ट होती, ती कोणाकडे केली आहे हे स्पष्ट होते, एक विशिष्ट कायदा मोडला जात होता आणि मोडणाऱ्याला त्याची किंमत तुरुंगवासाने मोजावी लागत होती. दिवे मालवणाऱ्या तासात यांपैकी काय असते, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर देणे अवघड जाते. कोणाकडेही काहीही मागितलेले नसते आणि कोणाचेही काहीही बिघडत नसते, म्हणूनच तर सरकारे, बँका, मॉल आणि तेल कंपन्या सगळेच त्यात आनंदाने सहभागी होऊ शकतात. ज्या इमारतीची दर्शनी रोषणाई एका तासासाठी बंद होते, ती उरलेल्या ३६४ रात्री का चालू असते, हे त्या रात्री कोणी विचारत नाही.

जेथे विचारले गेले तेथे फरक पडला, हेही नोंदवले पाहिजे. रशियात २०१२ च्या अर्थ अवरला जोडून समुद्राचे तेलगळतीपासून रक्षण करणाऱ्या कायद्यासाठी लाखाहून अधिक सह्या गोळा केल्या गेल्या आणि त्याच वर्षअखेरीस तो कायदा झाला. अर्जेंटिनात पुढच्या वर्षी याच निमित्ताने एका सागरी संरक्षित क्षेत्राची मागणी पुढे रेटली गेली आणि तीही पूर्ण झाली. दोन्ही ठिकाणी वीज किती वाचली हे कोणाच्या लक्षात राहिले नाही, आणि ते ठीकच झाले.

आपल्याकडे विजेची खरी मोठी बचत जेथे झाली, तेथे सोहळा फारसा नव्हता. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत सरकारी कंपनीने एलईडी बल्बची एवढी मोठी एकत्रित खरेदी केली, की २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना घ्यावा लागणारा बल्ब २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत ३८ रुपयांवर आला. या योजनेत छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले आणि सरकारी अंदाजानुसार त्यातून वर्षाला साडेचार हजार कोटींहून अधिक युनिटे वाचतात. हा अंदाज प्रत्येक एलईडीने जुना पिवळा बल्बच हटवला असे धरून केलेला असल्यामुळे तो सढळ हाताने मांडलेला आहे. परंतु तो निम्म्यावर आणला तरी षटकारच राहतो, कारण वरच्या ७२ लाख युनिटांच्या हिशेबाने ती तीन हजार अर्थ अवरांची बचत दर वर्षी होते. वातानुकूलन यंत्र चालू केल्यावर ते आपोआप २४ अंशांवर यावे, असा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगते. या नियमात माणसाला काही करावे लागत नाही, उलट काही न करण्यातूनच बचत होते, आणि आळस हा आपला सर्वांत भरवशाचा गुण असल्यामुळे ती टिकते.

वीज कमी वापरा हे आवाहन कोणाला करायचे, हा प्रश्नही महाराष्ट्रात टाळता येत नाही. देशाच्या एकूण वापरात घरांचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे, उद्योगांचा चाळीस टक्क्यांच्या वर आणि शेतीचा सतरा-अठरा टक्के. ज्या तासात शहरातली गच्ची हौसेने अंधारात बसते, त्याच काळात रात्रपाळीच्या विजेवर अवलंबून असलेला शेतकरी बॅटरी हातात घेऊन, साप-विंचवाला आणि बिबट्याला टाळत पंप चालू करायला निघालेला असतो. २००५ नंतरच्या वर्षांत ज्यांनी रोज बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले, त्या गावांना अंधाराचे प्रतीकात्मक मूल्य सांगायला जाणे धाडसाचे आहे. शेतीचे फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, दिवसा सौरऊर्जेवर चालवण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण ती पंपाची वेळच बदलते. शेतकऱ्याची झोप आणि रात्रीचा कोळसा या दोहोंचा विचार तिच्यात एकत्र येतो.

वेळ हाच या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे, आणि गमतीची गोष्ट अशी, की अर्थ अवरने ती वेळ नकळत अगदी बरोबर निवडली आहे. भारतात दुपारी सौरऊर्जा मुबलक असते. सूर्य मावळला की ती शून्यावर येते, नेमके त्याच वेळी लोक घरी येऊन यंत्रे चालू करतात आणि सगळा भार कोळशावर आणि पाण्यावर पडतो. रात्री साडेआठच्या सुमारास वाचवलेले युनिट म्हणूनच दुपारी बाराला वाचवलेल्या युनिटापेक्षा अधिक मोलाचे असते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून सौरऊर्जेच्या तासांत वीज स्वस्त आणि मागणी सर्वाधिक असलेल्या तासांत महाग ठेवण्याचे तत्त्व आणले, ते याच कारणाने. कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप, इलेक्ट्रिक गाडीचे चार्जिंग ही कामे संध्याकाळऐवजी दुपारी केली, तर विजेचे एक युनिटही कमी वापरले जात नाही, आणि तरीही कोळसा वाचतो. दिवे मालवण्याच्या मोहिमेत हा विचार सांगितला जात नाही, कारण दुपारी बारा वाजता पंप चालू करण्याचे छायाचित्र चांगले येत नाही.

आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या त्या रात्रीनंतर तीन महिन्यांनी सर्वसाधारण सभेत टाकीचा विषय निघाला. पंपाची वेळ रात्री आठवरून दुपारी बारावर नेण्याचा ठराव दहा मिनिटांत मंजूर झाला, कारण त्यासाठी वॉचमनच्या वहीतली एक ओळ बदलण्यापलीकडे काही करायचे नव्हते. टाकी भरल्यावर पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच मात्र अजून बसलेला नाही. आलेल्या दोन दरपत्रकांत नऊशे रुपयांचा फरक आहे आणि त्यावर कमिटीचे एकमत होत नाही.